चर्चमध्ये ठेवलेलं पान

माझी एक चुलत काकी वळ गावात राहते. तिचा मुलगा सैन्यात होता, सीमेवरच्या एका चकमकीत गेला. त्याला बरीच वर्षं झाली. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला तिला शाळेच्या मंचावर बसवतात, वीरमाता म्हणतात, शाल घालतात आणि पुढच्या पाहुण्यासाठी खुर्ची मोकळी करून घेतात. वक्ता बदलतो, भाषण तेच राहतं.

यंदा पितृपक्षात तिने त्याचं पान कौलांवर ठेवलं, पण कावळा काही शिवला नाही. गावाभोवती गोदामं झाली, झाडं गेली, कावळे येणार कुठून, असं मी तिला समजावलं.

"शेजारच्या पानाला शिवला ना," ती म्हणाली. "माझ्यावरच राग हाय त्याचा."

शेवटी पान गाईला घातलं. तिचं समाधान झालं नाही.

नोव्हेंबरात बोलावणं आलं. त्याच चकमकीत गेलेला दुसरा जवान ख्रिस्ती होता. खाडीपलीकडच्या जुन्या चर्चमध्ये त्याच्या आईवडिलांनी शहीद जवानांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, ठेवली होती. मी काकीला गाडीने घेऊन गेलो. तिच्या मांडीवर कापडी पिशवी होती.

चर्च पोर्तुगीजांच्या काळातलं, जाड भिंतींचं. पहिल्या बाकांवर पदकं आणि पुढारी होते. पुढाऱ्यांना उभं कधी राहायचं आणि बसायचं कधी ते कळत नव्हतं. मलाही नव्हतं, पण मी शेवटच्या बाकावर होतो, ही माझी सोय.

मध्येच काही माणसं भाकर, द्राक्षारस आणि फळांच्या टोपल्या घेऊन वेदीकडे निघाली. काकीने ते पाहिलं आणि पिशवीतून डबा काढला. मी तिचा हात धरेपर्यंत ती रांगेत लागलेलीही होती. धुपाच्या वासात सुक्या जवळ्याचा वास मिसळला. पुढच्या बाकांवरच्या माना वळल्या.

"हे काय आहे, मावशी?" फादरनी हळू विचारलं.

"पोराचं पान हाय. तांदळाची भाकर न जवळा."

फादरनी दोन्ही हातांनी डबा घेऊन फळांशेजारी ठेवला.

मिस्सा संपल्यावर अंगणात फोटो सुरू झाले. काकी बाकावर बसून राहिली. उशीर होतोय, मी डबा घेऊन येतो, असं म्हणालो तर तिने मला खाली बसवलं.

"परत मागून आनला तं त्यानं घेतला कसा? कोनी शिवू दे आधी."

थोड्या वेळाने त्या दुसऱ्या जवानाची आई डबा घेऊन आली. फादरनी तिला सगळं सांगितलं असावं. ती काकीशेजारी बसली, झाकण काढलं, भाकरीचा तुकडा मोडून जवळ्याला लावला आणि तोंडात घातला. काकी तिच्या तोंडाकडे बघत होती.

"तिखट आहे गं," ती डोळे पुसत म्हणाली.

"त्याला तसाच लागायचा."

तिने दुसरा तुकडा मोडला. काकीने पदराने चेहरा पुसला, आणि मग इतक्या वर्षांत कोणत्याही मंचावर कोणी तिला न विचारलेला प्रश्न तिने त्या बाईला विचारला.

"तुझ्या पोराला गं काय आवडायचं?"

फोटोसाठी दोन्ही मातांना कोणीतरी हाका मारत होतं. दोघींपैकी कोणी उठली नाही.