हळदीच्या कढईची नोंद

कुरुंद्याला हळद शिजवायच्या कारखान्यात आम्ही दोघं भाऊ कढईवर होतो. कढई पेटवल्याची आणि उतरवल्याची वेळ आम्ही कागदावर लिहायचो. ती नव्या कम्प्युटरात भरायला एक कारकून होता. खोलीत शिरताना तो चपला बाहेर काढायचा, आणि आमची पिवळी बोटं कुठं लागू नयेत म्हणून आम्हाला दारातच उभं करायचा. एका बोटानं आकडा दाबायचा, मोठ्यानं वाचायचा आणि विचारायचा, "बराबर?" आम्ही "बराबर" म्हटल्याशिवाय पुढं जायचा नाही.

एकदा उतरवताना कढई कलंडली. भावाचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. दुसऱ्या दिवशी कारकून दवाखान्यात आला. चपला वॉर्डाबाहेर काढल्या, खाटेशी वाकला.

"तकलीफ देऊन राहिलो भाऊ. कढई किती वाजता उतरवली? तेवढा रकाना रिकामा हाये, कम्प्युटर पुढं सरकून न्हाई राहिला."

त्याची गचांडी धरावी असं मला वाटलं. पण भाऊ डोळे मिटूनच म्हणाला, "साडेअकरा."

कारकुनानं ते तळहातावर लिहिलं, मोठ्यानं वाचलं आणि माझ्याकडं बघत थांबला.

"बराबर," मी म्हणालो.