तुळसाचं माहेर

जयसिंगपूर स्टेशनवर उतरले तेव्हा पाठीची लाकडी फळी झाली होती. नागपूरहून एवढ्या लांब मी आले होते ती पणजीचं माहेर बघायला.

पणजी, म्हणजे आईची आजी, तुळसा. इंग्रजांच्या काळात, कोल्हापूर संस्थानातली ही बालविधवा घरातून एकटी निघाली, दवाखान्यात सुईणपण शिकली, नर्स झाली आणि पुढे नागपूरकडे दुसरं लग्न करून राहिली. खरं तर घराण्याने मिरवावी अशी बाई. पण आमच्या नातेवाइकांत 'ती पळून गेलेली' एवढीच तिची ओळख. ही बोच आईला जन्मभर. निघताना ती म्हणाली, "माहेरच्यांनी तिला आपली लेक मानलं का, तेवढं विचारून ये."

फजिती लगेच झाली. मी घाईघाईत भलत्याच एस.टी.त बसले.

"दत्त म्हाराजांस्नी निगालाय काय, पावणं?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

मी गावाचं नाव सांगितलं.

"मग ह्या गाडीत कशाला बसलाय वो? ही वाडीला जातीया. ऱ्हाऊ दे आता. दर्शन घ्या, मग जावा की!"

हुकूमच तो. नृसिंहवाडीला दर्शन घेतलं, घाटावर बसून कवठाची बर्फी खाल्ली आणि रिक्षाने उसाच्या फडांमधून गावात पोचले.

दत्तूमामा, म्हणजे तुळसाच्या भावाचे नातू, दारातच उभे होते. "ये गं. लई वरसं लावलीस!" भाकरी, कृष्णाकाठचं वांगं आणि डोळ्यांतून पाणी काढणारा खर्डा (ठेचा) पोटात गेल्यावर मी आईचा प्रश्न विचारला.

मामांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "माझ्या आज्ज्यानं तिला दार लावलं. खोटं कशाला बोलू? म्होरचं हेळव्याकडनं ऐक. त्येच्यासाठनंच तुला आज बोलिवलं."

सुगी झाली की या भागात हेळवी (पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या घरांची वंशावळ तोंडपाठ सांगणारे फिरते लोक) येतात. पूर्वी बैलावरून यायचे, आमचे टेम्पोतून आले. सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीत, घोंगडीवर बसून म्हाताऱ्या हेळव्याने सूर लावला. ह्याचा मुलगा हा, त्याचा हा. पुरुषामागून पुरुष. माझं मन खट्टू होत चाललं. लेकींचा तिथे पत्ताच नव्हता.

मामांच्या आजोबांचं नाव आलं आणि हेळवी थांबला. त्याने हात जोडले. "आणि ह्येंची भन, तुळसा."

मला रडूच फुटलं. "बाबा, तुम्ही लेकींची नावं घेता?"

"न्हाय घेत. ह्या एकाच घरात घेतो. माझ्या बाच्या जलमाच्या येळंला आज्जी अडली हुती. गावाच्या कडंला आमचं पाल. तुळसाबाई दवाखान्यातनं बैलगाडीनं आल्या, दोगास्नी वाचिवलं. जाताना म्हायेरच्या दारात हुब्या ऱ्हायल्या. दार उघडलं न्हाय. दुसऱ्या दिशी आमचा आज्जा हितंच बसला आणि म्हणला, लेकीचं नाव घिऊ देत असशीला तर सांगतो, न्हायतर ह्या घरची वंशावळ बंद!"

"मग?"

"मग काय!" मामा म्हणाले. "वंशावळ बंद पडली तर भावकीत तोंड कुठं दावायचं? आज्ज्यानं मुकाट मान हलिवली."

हेळवी माझ्याकडे वळला. "तुळसाच्या म्होरं आमास्नी ठावं न्हाय. सांगा की, ताई."

मी सांगत गेले आणि तो त्याच सुरात म्हणत गेला: तुळसाची कृष्णा, कृष्णाची सुमन, सुमनची वसुधा. अभिमानाने ऊर भरून येणं म्हणजे काय, ते मला त्या सोप्यात कळलं. निघताना मामींनी खणानारळाने ओटी भरली.

नागपूरला परतल्यावर आईने सगळं दोनदा ऐकलं. संध्याकाळी 'पळून गेलेली' म्हणणाऱ्या काकू आल्या. चहा यायच्या आतच आईने सुरुवात केली. "आमच्या आजीचं माहेर शिरोळ तालुक्यातलं. तिथे आम्हा बायकांची चार पिढ्यांची नावं घेतात. तुमच्या आजीच्या आईचं नाव काय हो?"

काकूंना आठवेना. वडिलांकडचं मलाही आठवलं नाही. आईचा आवाज मात्र पार रस्त्यापर्यंत जात होता, आणि मी तिला हळू बोल म्हटलं नाही.