वाऱ्याकडे तोंड

रिठद गावात उपणणीला कोणीही उभं राहिलं की वारा पाठीवर घेई. चतुराबाई तेवढी तोंडावर घ्यायची. टोपलीतली ज्वारी पायाशी पडे आणि भुसा उलटून तिच्या डोळ्यांत, केसांत, तोंडात जाई. शेजारच्या खळ्यावरून कस्तुराबाई दरवर्षी विचारायची, "काहून वं चतुरे, वाऱ्यासंग भांडन हाय का तुहं?" चतुराबाई पदरानं डोळे टिपून पुढची टोपली उचलायची.

ती पहिल्यापासून अशी नव्हती. तिच्या बापाला, जऊळक्याच्या उकंडरावाला, मुलगा नव्हता, म्हणून त्यानं लेकीलाच तिव्यावर, उपणणीच्या त्या तीन पायांच्या उंच घोडीवर, उभं केलं. बायका तिव्यावर चढत नसत, लोक हसले. तो तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगे, "वाऱ्याले पाठ दे, बाई. डोये राखले त दाने राखले." वारा आधी कानाच्या पाळीला कळतो, हेही त्यानंच शिकवलं. लग्न होऊन ती रिठदात आली तेव्हा दोन-तीन हंगामांतच आजूबाजूची खळी तिची टोपली वर जाण्याची वाट बघू लागली.

दुसऱ्या महायुद्धाच्या चौथ्या वर्षी सरकारनं गावाबाहेरचा माळ सपाट केला. वाट चुकलेल्या, बिघडलेल्या विमानांना उतरायला जागा हवी होती. चतुराबाईचा नवरा जगदेव तिथं चौकीदार लागला. काम सोपं होतं. जमिनीवर दोन पांढऱ्या कापडी पट्ट्या अंथरायच्या, एक लांब आणि तिच्या एका टोकाला दुसरी आडवी. आडवी पट्टी वारा येतो त्या बाजूला. वैमानिक तिच्याकडे तोंड करून उतरणार. विमानाचा आवाज आला की ओलं गवत पेटवायचं, धुरानं त्याला वारा कळतो. का, कशासाठी, हे जगदेवला कोणी सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही. वर्षभरात तीन विमानं उतरली, तिन्ही नीट. चतुराबाईनं त्यातलं एकही उतरताना पाहिलं नव्हतं, आडव्या पट्टीकडे तोंड करून उतरतात एवढं ती नवऱ्याकडून ऐकून होती.

चैत्रात जगदेवला हिवताप आला. दोन गोधड्यांखाली त्याचे दात वाजत होते. पट्ट्या सकाळी अंथरल्या आहेत, विमान आलंच तर धूर कर, एवढं त्यानं बायकोला सांगितलं आणि डोळे मिटले.

दुपारी पश्चिमेचा वारा खवळला होता. मुरमाची लाल धूळ माळभर लोटत होती. चतुराबाई माळावरच्या चौकीदाराच्या झोपडीच्या सावलीत बसली होती तेव्हा विमान आलं. त्याचा आवाज अडकत होता, खोकला लागलेल्या माणसासारखा. तिनं गवत पेटवलं. धूर, धूळ, सगळं पूर्वेला धावू लागलं, आणि आडवी पट्टी पश्चिमेला होती. म्हणजे हा बिचारा या सगळ्यात उघड्या डोळ्यांनी शिरणार. आजारी माणसाकडून चूक झाली, असं तिला वाटलं. खळ्यावर कोणी एवढं वेड्यासारखं उभं राहिलं असतं तर तिनं हाताला धरून फिरवलं असतं.

तिनं आडवी पट्टी उचलली, पळत लांब पट्टीच्या पूर्वेच्या टोकाला नेली आणि दगड ठेवून पक्की केली.

विमान खाली आलं आणि पुन्हा वर गेलं. धूर एक सांगत होता, कापड दुसरं. त्यानं एक घिरटी घातली. मग आणखी एक. चतुराबाईला वाटलं, धुरानं त्याला दिसेना. तिनं पिण्याच्या पाण्याचा माठ गवतावर ओतला. धूर बसला. आता माळावर एकच खूण उरली. ती पट्टीजवळ उभी राहून पदर हलवू लागली: इकडं तोंड करून ये, बाबा, पाठीवर वारा घेऊन ये.

तो तसाच आला.

चाकं टेकली, पण वेग मोडेना. मागून वारा लोटतच होता. माळ संपला, बांध आला. बांधावर चरणारे गावातल्या बाबूलालचे दोन बैल विमानाच्या पंखाखाली सापडले. एकाचं मुंडकं पुढ्यात येऊन पडलं. विमान बांध फोडून नाल्यात नाकावर उभं राहिलं आणि पेटलं.

चतुराबाई पोचली तेव्हा वैमानिक काचेवर मुठी मारत होता. विशीतलं पोर. तिनं दगडानं काच फोडायचा प्रयत्न केला. तळहातांची कातडी तापलेल्या पत्र्याला चिकटून राहिली. काचेला तडा गेला, फुटली नाही. मुठी थांबल्या. त्याचे डोळे उघडेच होते आणि तिच्याकडे होते.

संध्याकाळच्या आत वाशिमहून शिपायांचा ट्रक आला. बरोबर एक गोरा साहेब आणि देशी जमादार मदनसिंग. पट्टी उलटी आहे हे साहेबानं आल्या आल्या पाहिलं. बेचाळीसच्या चळवळीला दोनच वर्षं झाली होती. मुद्दाम घात केला, असं ठरायला वेळ लागला नाही. जगदेवला गोधडीतून ओढून माळावर आणलं. कोणी पैसे दिले, कोणाचा माणूस, असं विचारत ते मारत होते. तो तापात सकाळचंच सांगत होता, पश्चिमेला लावली, पश्चिमेला लावली. मदनसिंगानं त्याचा उजवा हात दगडावर ठेवायला लावला आणि बंदुकीचा दस्ता हाणला. मग डावा.

"पट्टी म्या फिरवली," चतुराबाई म्हणाली.

शिपाई हसले. नवऱ्याला वाचवायला बाई काहीही बोलेल, असं मदनसिंग म्हणाला. पुढे झाली तेव्हा तिच्या पोटात लाथ बसली. ती उठली, सोललेल्या हातांनी आडवी पट्टी ओढत पश्चिमेला नेली, तिथून पुन्हा पूर्वेला आणली. कापडावर रक्ताचे ठसे उमटत गेले, आणि दगड तिनं दुपारी ठेवले होते तिथंच बरोबर ठेवले. साहेबानं हात वर करून मार थांबवला. काहून, एवढंच त्यानं मदनसिंगाकरवी विचारलं.

"धूळ त्याच्या डोयात गेली असती," ती म्हणाली. "लेकराले दिसलं पायजे ना."

साहेब जळक्या विमानाकडे वळला. मग हलक्या आवाजात बोलला आणि मदनसिंगानं ते सांगितलं: समोरचा वारा विमानाला अडवतो, म्हणून ते थांबतं. पाठीवरचा वारा ढकलतो.

एवढंच होतं. वर्षभरात कोणीही सांगू शकलं असतं.

जगदेव सुटला. हाडं वाकडीतिकडी जुळली. नंतर त्याला घासही धरता येईना. घरची उपणणी तिच्यावरच आली. पुढच्या हंगामात ती तिव्यावर चढली, सवयीनं पाठ फिरवली, आणि मग हळूच वाऱ्याकडे वळली. खालून पहिली टोपली कस्तुराबाईनं दिली. जगदेव खळ्याच्या कडेला बसून बघत होता. ओरडून त्यानं एकदाच सांगितलं, "डोये जातीन तुहे."

उजवा डोळा अकराव्या हंगामात गेला. डावा होता तोवर ती उपणत राहिली.