दमनीचा परदा न् गरम पानी

माह्या पंच्याहत्तरीतल्या सासूबाईच्या कन्हन्यावरून छोट्या रेलगाडीत बाई बाळंत झाली, असं अचलपूरच्या टेसनावर लोकं बराच वेळ धरून चालले होते. त्यात माहाच हात होता. म्हंजे बाळंतपनात नाई, बोभाट्यात.

पन पयले घरान्याचं सांगा लागते. आमचं गाव बार्शीटाकळीकडलं. तठी आमच्या घराले राजघरानं म्हनत. कवातरी जहागीर होती म्हने. मी सून होऊन आली तवा त्या जहागिरीतल्या तीनच गोष्टी उरल्या होत्या. एक दमनी (परदेवाली बैलगाडी वो, घरच्या बायाईले बसाची), एक जरीचा फेटा, न् माह्या सासूबाई. साऱ्या गावाच्या त्या बाईसाहेब. माहे मालक म्हंजे राजे. दिवसभर कपाशी निंदून राजे घरी आले का ढोपरापर्यंत चिखल राहे, तरी रस्त्यात भेटनारा म्हने, "राम राम राजे." मी साध्या घरची, दुसरी शिकेल. मले वाटे, राजे लोकं असेच असत असतीन.

तो काळ मोठा वंगाळ होता. पाऊस येयेना, आला तं थांबेना. कपाशी लाल पडून उभ्यानं वाळे. एखाद्याच्या घरातून फोडनीचा वास आला तं शेजारी म्हनत, आज यायच्या घरी पाव्हना असन. आमचे पयले बैल गेले. बैलाबिगर दमनी काय कामाची, मंग तेबी गेली. तिचा परदा तेवढा मी काढून ठेवला. मखमलीचा, डाळिंबी रंगाचा, एक कोपरा उंदरानं खाल्लेला. बाईसाहेब त्या दिवशी जेवल्या नाईत. दुसऱ्या दिवशी उठल्या न् म्हनल्या, "दमनी गेली तं जाऊ दे. परदा हाये ना."

आता परदा घरात ठेवून कोन राजा होते? पन बोलाची सोय नोती.

त्याच साली माह्या पोरीचं, वंदीचं, पाहून राह्यलो होतो. दोन जागचे लोकं येऊन गेले. चहा पेता पेता वर गळक्या छताकडं पाह्यलं, न् मंग फिरकलेच नाईत. तिसरं स्थळ आलं अचलपूरचं. पोराचं सायकल दुरुस्तीचं दुकान, मानसं भली. त्याईनं निरोप धाडला, "आमाले देनं-घेनं काई नोको. घरानं चांगलं पायजे, बस." म्हंजे आमच्यापाशी जे एकच उरलं होतं, नेमकं तेच त्याईले पायजे होतं.

छत पाहून हेबी स्थळ जाईन म्हनून पोरगी अचलपूरलेच दाखवाची ठरली, माह्या ननदेच्या घरी. मी म्हनलं, "एष्टीनं जाऊ. दुपारी पोचतो."

बाईसाहेब म्हनल्या, "एष्टीत परदा कोठी बांधशीन? कंडक्टरच्या गळ्यात?"

"मंग कशानं जावाचं?"

"रेलगाडीनं. माह्या सासूच्या टायमाले आमाले अख्खा डब्बा राहे. खिडक्या लावेल, न् दारात शिपाई उभा."

"आता शिपाई कोठून आना?"

बाईसाहेबाईनं राजेकडं पाह्यलं. राजे उठले न् फेटा शोधाले गेले.

तं असं राजघरानं निंघालं. मूर्तिजापूरपर्यंत शेजाऱ्याच्या मॅटॅडोरमधी, सरकीच्या पोत्याईवर बसून. टेसनावर गाडी लागाची होती. बाईसाहेब खांबाच्या आडोशाले बसल्या न् मले हळूच म्हनल्या, "ते भजे ताजे हायेत काय?" मी म्हनलं, "आत्याबाई, तुमीच म्हनता ना, घरान्यातल्या बायाईनं टेसनावर खाऊ नये." तं म्हने, "पाहून कोन राह्यलं?" कागदभर भजे एकट्यानं खाल्ले. मिरच्याईसकट.

ते छोटी गाडी ज्याईनं पाह्यली त्याईले सांगा लागत नाई. मानूस उतरून, वावरातल्या ईरीवर पानी पिऊन, पुना चढू शके. फाटक आलं का गार्डच खाली उतरे, फाटक लावे, गाडी पुढं घे, मंग फाटक उघडून पुना चढे. न् हाले अशी, का पाळन्यात घातल्यावानी वाटे.

आमी डब्ब्याचा एक कोपरा धरला. खिडकीच्या गजाले न् वरच्या फळीले परकराचे नाडे बांधून मी परदा लावला. अंदर बाईसाहेब, मी न् वंदी. बाहीर राजे, फेटा घालून, हाताची घडी. अर्धा डब्बा आमीच अडवला होता. अंजनगावचे पानवाले टोपले घेऊन उभे. एकजन म्हने, "काहो दादा, अंदर काय सिनेमा हाये?"

राजे म्हनाले, "घरच्या बाया हायेत."

"बाया तं आमच्याबी हायेत. ते पाहा, दारात बसल्या."

राजेईनं फेटा नीट केला. राजे लोकं दुसऱ्या खेपेले उत्तर देत नाईत.

दर्यापूर गेलं न् बाईसाहेबाईचा चेहरा पिवळा पडला. त्याईनं माहं मनगट धरलं. "सुनबाई, मले काईतरी होऊन राह्यलं." मंग आडव्या झाल्या न् कन्हू लागल्या. "अगं माय वो. मेली वो. सुटू दे वो एकडाव." वंदी कंबर दाबून राह्यली, मी कपाळ. न् मंग व्हायचं ते झालं. भजे आले, सारे लुगड्यावर.

मले त्याईले ओवा द्याचा होता न् लुगडं पुसाचं होतं. म्हनून मी परद्याच्या अंदरूनच वरडली, "कोनापाशी गरम पानी भेटन काय वो? न् जुनं धडपं द्या एखादं. लवकर करा."

बाहीर जो गलका होता तो एकदम चूप. पानवाल्याची बिडी विझली असन, इतका चूप.

मंग एका बुढीचा आवाज आला. "बाप्पा. दिवस भरेल बाई घेऊन निंघाले हे."

कोनीतरी राजेले इचारलं, "राजेसाहेब, कितवा लागला होता?" आता राजेईनं सांगाले पायजे का नाई, का बाप्पाहो, माही माय ओकून राह्यली? पन घरान्यातल्या बाईसाहेब भज्यानं ओकल्या, हे चारचौघात सांगाचं कसं? राजे मान वर करून छताकडं पाहात राह्यले. लोकाईले वाटलं, बिचारा घाबरला.

मंग परद्याखालून एकेक वस्तू येऊ लागली. पयले एक मऊ लुगडं. मंग दुसरं. मंग दोऱ्याचं रीळ. मंग एक हात आला, न् त्यात दाढीची नवी पत्ती. "कोरी हाये वो, पाकिटातली." मी म्हनलं, किती भली मानसं हायेत या लाइनवर. पन ओकारीले पत्ती कायले लागते, हे काई माह्या ध्यानात येयेना. मी तेबी ठेवून घेतली.

अंजनगावच्या पुढं एक फाटक आलं. गार्ड उतरला, फाटक लावलं, न् लोकाईनं त्याले सांगतलं. तो म्हने, "मंग गाडी हालवत नाई मी. होऊ द्या मोकळी." बाजूच्या वावरातल्या झोपडीत कोन्या माउलीनं चुलीवर पानी ठेवलं. मानसं उतरून लिंबाखाली बसले. फाटकावर एक लुनावाला उभा होता, तो म्हने, "मी अचलपूरच्या टेसनावर कळवतो," न् लुना पिटाळत गेला. हे सारं मले मांगून कळलं. अंदर मी एवढंच म्हनत होती, का गाडी काहून थांबली असन?

डब्ब्यात हमीदाखाला होती. अचलपूरची. डोक्शावर बांगड्याईची टोपली घेऊन गावोगाव फिरे, न् अडल्या-नडल्याचं बाळंतपनबी करे. ते उठली न् राजेपाशी आली.

"हटो राजासाब."

"अंदर कोनी जात नाई."

"बच्चा तुमसे पूछके आएगा क्या? हटो बाजू."

न् राजेले कोपरानं सरकवून, गरम पान्याचं गंज घेऊन, अंदर आली. तिनं माह्याकडं पाह्यलं. मी पन्नाशीची. बुढीकडं पाह्यलं. मंग तिची नजर वंदीवर गेली न् तठीच थांबली. वंदी घामानं भिजेल, पदर खोचेल, गळ्यात मंगळसूत्र नाई. खाला माह्या कानापाशी आली.

"बेटी का है क्या? फिकर नको कर, बहन. मै किसीको नही बोलती."

"काय बेटीचं?"

"बच्चा."

"कोनता बच्चा वो?"

तवा बाईसाहेबाईनं मान वर केली. "हे कोन? परद्याच्या अंदर कशी आली?" न् त्याच दमात उरलेले भजे खालाच्या पायावर आले.

खालानं पायाकडं पाह्यलं. बुढीकडं पाह्यलं. पत्तीकडं पाह्यलं. मंग खालीच बसली, पदर तोंडात कोंबला, न् अशी हासली का सारा परदा हालू लागला. बाहीर कोनीतरी म्हनलं, "झाली मोकळी." गार्डानं शिट्टी मारली. गाडी चालू झाली.

हासनं थांबलं तवा खाला म्हने, "बहन, अब सुन. बाहर सबको मालूम है अंदर तीन औरता है. एक ये बुढ्ढी, एक तू, एक ये कुंवारी. टेसन पे लोगां किसका नाम लेंगे?"

टेसनावर पोराकडचे येनार होते. मी परद्यातून तोंड काढलं. "अहो, सांगा ना या लोकाईले खरं काय ते."

राजे दबक्या आवाजात म्हनाले, "काय सांगू? बाईसाहेब ओकल्या म्हनून? घरान्याचं नाव काय राह्यलं मंग?"

"न् वंदीचं नाव?"

राजेईचं तोंड फेट्याहून लहान झालं. पुना छताकडं पाहू लागले. वंदी एका कोपऱ्यात, डोयातून पानी. बाईसाहेब डोये मिटून पडेल होत्या. मले वाटलं झोपल्या. थोड्या वेळानं म्हनल्या, "चूळ भराले पानी दे."

अचलपूर आलं. टेसनावर ही गर्दी. लुनावाल्यानं आपलं काम चोख केलं होतं. कोनी साखर आनली होती, कोनी नुसतंच पाहाले. माही ननद एका बाजूले रडून राह्यली, न् तिच्यापाशी पोराची माय, चांगली धिप्पाड बाई, हातात पिशवी, तोंड दगडावानी. मांगून कोनीतरी म्हनलं, "राजघरान्यातली पोरगी हाये म्हने." ते मले अंदर आयकू आलं. मले आयकू आलं म्हंजे तिलेबी आलंच असन.

बाईसाहेब उठून बसल्या. "परदा काढ."

"आत्याबाई?"

"काढ म्हनलं ना."

नाड्याईची गाठ सुटेना. बुढीनंच एक हिसका मारला, परदा फाटला न् सारा राजेच्या डोक्शावर, फेट्यासकट. न् जी बाई जनमभर परक्या मानसाच्या नजरेले पडली नाई, ते तशीच, डोक्शावर पदर नाई, लुगड्यावर भजे, फलाटावर उतरली.

"आयका सारे," बाईसाहेब म्हनल्या. आवाज जहागिरीतला. "मी ओकली. मूर्तिजापूरले कागदभर भजे खाल्ले, ते पचले नाईत. गाडीत कोनी बाळंत झालं नाई. ज्याची पत्ती असन त्यानं घेऊन जा."

कोनी हाललं नाई. पत्तीवालाबी नाई.

मंग पोराची माय पुढं आली. बुढीले वरून खाली पाह्यलं. "कागदभर खाल्ले, आक्का?"

"हो."

"मले तं एष्टीत चार भज्यातच होते. मी पिशवी घेऊनच बसते." न् त्याच पिशवीतून तिनं निंबू काढला, दातानं फोडला, न् बुढीच्या हातात देल्ला. "चोखा. लय धाक होता वो तुमचा आमाले. म्हनलं राजघरानं हाये, आमाले दारात तरी उभं करतीन का नाई. तुमी तं आमच्यावानीच ओकता."

बाईसाहेब हासल्या. दमनी गेल्यापासून पयल्यांदा. परद्याखालून राजेईचा आवाज आला, "झालं काय सारं?"

वंदी त्याच घरी देल्ली. खालानं गाडीत लेकरासाठी म्हनून टोपलीतून चिमुकल्या काळ्या बांगड्या काढून ठेवल्या होत्या. जाताना माह्या हातावर ठेवल्या. "रख ले. आगे काम आएंगे." कामी आल्या. न् फाटेल परद्याची मी गोधडी शिवली, त्यावर वंदीची दोनी लेकरं वाढली. उंदरानं खाल्लेल्या कोपऱ्यावर तेवढं ठिगळ मारलं.

आता बाईसाहेब नाईत, राजे नाईत, ते छोटी गाडीबी बंद पडली. माहे गुडघे मात्र चालू हायेत, म्हंजे दुखाले. अचलपूरले वंदीकडं गेली का सकाळी शेकाले पानी लागते. तवापासून मी कोनाच्याबी घरी गरम पानी मांगाच्या पयले कारन सांगते. मांगच्या खेपेले एकडाव इसरली. नुसतंच म्हनलं, "गरम पानी भेटन काय वो?"

सैपाकघरातून विहीनबाईनं आवाज देल्ला, "भेटन ना विहीनबाई. पत्तीबी आनू काय?"