हत्तीच्या नखाखालची रेष

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, घाटाकडच्या भिंतीवर तीन तांबड्या रेषा होत्या. मोठा पूर ओसरला की गाळ काढायच्या आधी पाणी चढलं तिथं रेष मारायची, ही सांगलीतल्या आमच्या गल्लीची जुनी रीत. समोरच्या गादीवाल्या चाचींचं सगळं त्या रेषांवर चालायचं. तळची रेष भिजली की तासाभरात पाणी दुकानात. तेवढ्यात कापूस माडीवर गेला पाहिजे.

त्याच भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्याही होत्या. म्हणून मी पत्रकं वाटली : ‘भिंती रंगवा, शहराचा इतिहास जागवा!’ महापालिकेनं मागणी चक्क मान्य केली. माझी मान्य झालेली ही एकमेव मागणी. तेव्हाच संशय यायला हवा होता.

रंगवला इतिहास. घोड्यावर राजा, झुलीचा हत्ती, हळदीचे ढीग, नाटकाचा पडदा. खाली कृष्णामाई : निळीशार, इस्त्री केलेली, राजाच्या पायाशी मुकाट पडलेली. ही बाई कधी कुणाच्या घरात शिरलीच नाही म्हणे! रेषा पुसल्याचं विचारलं, तर साहेब म्हणाले, “पाहुण्यांना जरा चांगलं दिसू दे की.” पाहुणे फीत कापून गेले. नदी मात्र इथंच राहते.

पावसाळ्यात कोयनेतून पाणी सोडलं. नदी भिंतीला लागली. चाची हत्तीपुढं उभ्या.

“अरं, रेष कुठाय?”

“हत्तीखाली असंल, चाची.”

“मग हत्तीला इचारू व्हय? कापूस हलवू का न्हाई, सांग की रं पत्रकवाल्या!”

मी म्हणालो, “थांबा, अजून येळ हाय.”

येळ नव्हता. निम्मा कापूस भिजला. भिजलेला कापूस किती जड असतो, ते मला त्या दिवशी माझ्या पाठीनं सांगितलं.

पाणी उतरल्यावर चाचींनी मला डबा-ब्रश घेऊन बोलावलं. “दुकानात पाणी शिरलं तवा हत्तीची नखं बुडाली हुती. त्याच्या चार बोटं खाली मार, म्हंजे तासभर हाताशी ऱ्हाईल.” मारली. इस्त्रीच्या नदीवर तांबडी, भिंतभर.

आठवड्यात नोटीस आली : सार्वजनिक भिंतीचं विद्रूपीकरण. मी तिथंच उत्तराचं पत्रक लिहायला बसलो. चाचींनी कागद ओढून घेतला.

“ह्या बारीला आदी मला वाचून दाखव,” त्या म्हणाल्या, “मग छाप.”