अंगावर घेतलेली कावीळ

चांद्याच्या दवाखान्यात मी नर्स होते. आलापल्लीकडे झाडाच्या मुळ्यांची माळ गळ्यात घालून लोकांची कावीळ उतरवणारा एक माणूस स्वतःच हळदीसारखा पिवळा होऊन आमच्याकडे आला. खाटेवरही त्याची बोटं स्वस्थ नसत. चादरीचे सुटे दोरे ओढून माळेसारख्या गाठी मारत बसे.

"लोकायची कावीळ मी आंगावर घेतो, बाई," तो शांतपणे म्हणाला. "चार-आठ दिवसांत उतरते. मंग दुसऱ्याची घेतो." त्याची कावीळ खरंच अशी येत-जात असे, म्हणून गावोगावचे लोक त्याच्या पाया पडत.

ऑपरेशनला मी शेजारी उभी होते. पित्तनलिकेत खडा असेल असं डॉक्टरांना वाटलं होतं. निघाले शेवाळासारखे मऊ कोंब. त्यांनी वाट अडली की कावीळ चढे, मोकळी झाली की उतरे. असं डॉक्टरांनीही कधी पाहिलं नव्हतं.

"अजून कॅन्सर नाही," तपासणीचा अहवाल आल्यावर ते मला हळूच म्हणाले, "पण पुढे होणार."

दोन दिवसांनी त्यांनी त्याला सगळं समजावून सांगितलं. तो घाबरेल म्हणून मी जवळ थांबले. कॅन्सरचं त्याने काही विचारलंच नाही. बोटं मात्र पहिल्यांदाच थांबली.

"म्हंजे बाई, ही कावीळ माहीच होती काय?"