डाव्या बडचा आवाज

चारकोपच्या आमच्या इअरबड्स रिपेरिंगच्या दुकानात बड्सपेक्षा किस्सेच जास्त साठतात. बड्स गिऱ्हाईक घेऊन जातं, किस्से आमच्याकडेच राहतात. दुकानात आम्ही दोघंच: मी आणि माझी पार्टनर मीनल. तिचा हात एकदम हलका, पण तोंड? विचारू नका!

*

एक टायवाले साहेब आले. "एका बाजूचा आवाज कमी येतो."

मीनलने भिंगातून जाळी बघितली. "कानातला मळ अडकलाय, साहेब."

"माझा नाही! माझी बायको पण हेच वापरते ना."

बायको मागेच उभी होती.

*

श्रद्धा म्हणून एक मुलगी यायची. तिच्या बड्सचा आवाज मध्येच गायब व्हायचा. आम्ही दोन दिवस तपासले, सगळं झकास! मग कळलं, घरातल्या जुन्या टॅबलाही ते जोडलेले होते. आईने टॅबवर रेसिपी लावली, की बड्स फोन सोडून तिकडे पळायचे.

ऐन ऑनलाइन इंटरव्ह्यूत तिच्या कानात एक बाई म्हणाली, "आता मोहरी तडतडू द्या."

"मग? वाट लागली?" मी विचारलं.

"नाही रे, नोकरी लागली! म्हणाले, प्रेशरमध्ये तुम्ही फार शांत असता."

*

एकाचे बड्स पँटसोबत धुतले गेले. सुकायला त्याने ते तांदळाच्या डब्यात खुपसले. आईला पत्ताच नाही, तिने तांदळासोबत एक बड कुकरमध्ये लावला!

"आता आवाज कधी येतो, कधी नाही," तो रडवेला होऊन म्हणाला.

मीनलने शांतपणे विचारलं, "किती शिट्ट्या झाल्या?"

*

आणि आमचे गावकर काका. मालवणकडचे, रिटायर्ड. महिन्यात तीनदा आले. "डाव्या बाजूक आवाज बारीक येता."

आमची पद्धत अशी, की काहीच सापडलं नाही तर दुकानातली नवी जोडी पुसून गिऱ्हाइकाच्या कानात घालायची. नव्या जोडीतही काकांना डावीकडे बारीकच! मला बोलायचा धीर होईना. शेवटी मीनल म्हणाली, "काका, बड्स ठीक आहेत. एकदा कान दाखवून या ना."

"माझो कान खणखणीत आसा!" काका तरातरा निघून गेले. मला फार वाईट वाटलं. आपण एका म्हाताऱ्या माणसाला दुखावलं, असंच वाटत राहिलं.

दीड महिन्याने ते परत आले. डाव्या कानात ऐकायचं मशीन, सोबत काकू. मला इतका आनंद झाला, की मी चहाच मागवला.

"आता कसं वाटतंय, काका?"

"काय सांगू? ही कायम माझ्या डाव्या बाजूक बसता. दोन वर्सां माका वाटत होता, हिचो राग निवळलो!"

काकूंनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "आणि माका वाटत होता, ह्यांनी उलट बोलूचा सोडल्यानी!"

दोघंही हसत उठले. बाहेर पडताना काकू वळसा घालून काकांच्या डाव्या बाजूला गेल्या.